वालातल्या दोन बाटल्या

मी नऊ वर्षांची असताना मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला माझ्या आतड्याचं चित्र काढून दाखवलं होतं. केसपेपरच्या मागच्या बाजूला, निळ्या पेनाने. एक लांब वळणावळणाची नळी, शेवटाला तिची भिंत, आणि भिंतीवर छोटे छोटे हुक. त्या म्हणाल्या, मासळीतून, दुधातून, अंड्यातून बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व पोटात येतं. तिथून एक सोबती त्याला धरून या भिंतीपर्यंत आणतो. भिंतीवर क्युबिलिन नावाचं प्रथिन असतं. लग्नघरी दारात उभा राहून पाहुणे ओळखणारा एक काका असतो ना, तसं. ते या जोडीला ओळखतं आणि आत घेतं. तुझ्या भिंतीवर ते प्रथिन नीट तयारच होत नाही. म्हणून तू कितीही खाल्लंस तरी बी-ट्वेल्व्ह दारापर्यंत येणार आणि तसंच पुढे निघून जाणार.

मी विचारलं, मग मी काय खाऊ? त्या हसल्या. काहीही खा, म्हणाल्या, पण महिन्याला एक सुई घे. जन्मभर.

आप्पांनी त्यातला एकच शब्द ऐकला, जन्मभर. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही दोघं नवरा-बायको नात्यातले का? होतेच. आईचं माहेर म्हणजे आप्पांचं आजोळ. आप्पांनी मामाची मुलगी केली, तेव्हा सगळेच करायचे, आणि दोघांकडचा अर्धा-अर्धा दोष माझ्यात येऊन पुरा झाला. धाकटी मनाली सुटली. माझा बाप हैबतराव म्हणजे रोह्याकडच्या खांब गावाच्या आसपासच्या चार गावांत भांडणं सोडवायला ज्याला बोलावतात असा माणूस. तो त्या दिवशी परतीच्या एसटीत वडखळ नाक्यापर्यंत एक अक्षर बोलला नाही. मग म्हणाला, "सुईचं कुठं बोलायचं नाय. दोन पोरी हायत आपल्याला."

तेव्हापासून मी बोलले नाही. महिन्याला एकदा आई मला रोह्याला न्यायची. शेजारणींना सांगायची, पोरीचा धावीर महाराजांना नवस हाय, दर पुनवेला नारळ द्यायचा. बाजारपेठेच्या मागच्या आळीत शांती सिस्टर राहायच्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. काचेची छोटीशी बाटली असते, तिचं टोक टचकन मोडायचं आणि आतलं लालभडक पाणी सुईत ओढायचं. लहानपणी मला ते कोकमाचं सरबत वाटायचं. सुई झाली की आम्ही खरंच देवळात जाऊन नारळ फोडायचो, म्हणजे खोटं निदान अर्धंच राहायचं. पंधरा वर्षांची झाल्यावर शांती सिस्टरांनी मला माझी मला सुई घ्यायला शिकवली. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध. म्हणाल्या, वेळ सांगून येत नाही.

पुढे मी बारावी सायन्स केलं, कोलाडच्या एका मेडिकलात दीड वर्ष काउंटरवर उभी राहिले, आई गेली, आणि आईनंतर वर्षाच्या आत माझं लग्न झालं.

नवरा पेणच्या खाडीकडचा. प्रविण. रोह्याजवळच्या धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, रोज मोटारसायकलने जातो-येतो. जात आमची एकच, पण आम्ही भाताची आणि वालाची माणसं, ते मिठाची आणि चिखलाची. माझी सासू ठमाबाई हिने तीस वर्षं मिठागरात फावडं ओढलंय. तिच्या पायाच्या टाचा बघितल्यात तर तुम्ही लाजून आपल्या चपला लपवाल. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं, आणि मन असं की अंगणात आलेलं कुत्रंसुद्धा उपाशी परत जाणार नाही. मला एखादी खाष्ट सासू मिळाली असती तर ही गोष्ट सोपी झाली असती. खाष्ट सासूपासून चोरून काही करताना माणसाला लाज वाटत नाही.

लग्नाच्या आदल्या रात्री आप्पांनी मला आईच्या फोटोपुढे उभं केलं. मनालीचं लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं वदवून घेतलं. नवस मात्र तसाच चालू ठेव, म्हणाले. मी ठेवला. पण सासरहून दर पौर्णिमेला रोहा म्हणजे काही खेळ नव्हे. कधी पाहुणे, कधी अडचणीचे दिवस, कधी प्रविणची शिफ्ट. पंधरा महिन्यांत मला सगळ्या मिळून सहा सुया मिळाल्या. आणि मग मला दिवस गेले.

पाचव्या महिन्यात ठमाबाईंनी माझी चोरओटी भरली. आप्पा आणि मनाली आले होते. मनालीने वाढायला घेतलं, ते प्रविणच्या चुलतभावाने, धनेशने पाहिलं आणि बोलणी सुरू झाली. तुळशीच्या लग्नानंतर सुपारी फोडायची असं ठरलं. मला आनंद झाला, खोटं का सांगू. बहीण शेजारच्या घरात नांदायला येणार. त्याच दिवशी, माझ्या ओटीत पाच फळं घालता घालता, ठमाबाईंनी सांगून टाकलं की त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे आता बाळंत होईपर्यंत सुनेने नदी ओलांडायची नाही. आई नसल्यामुळे बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. पेणहून रोह्याला जायचं तर दुसरं काही नाही तरी नागोठण्याची अंबा आडवी येतेच.

मी म्हटलं, माझा नवस आहे. मोडला तर देव कोपेल.

त्या म्हणाल्या, मोडतो कशाला? प्रविण रोज धाटावला जातो, तो देईल नारळ. नवस कुणाच्याही हातून फिटतो, देवाला काय हात ओळखायचाय?

पंधरा वर्षं जपलेलं खोटं माझ्यासमोर उठून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून निघून गेलं. दर पौर्णिमेला प्रविण नारळ घेऊन जायचा, शांती सिस्टरांच्या आळीच्या तोंडावरून जायचा, आणि प्रसादाची खोबऱ्याची कवड घेऊन कौतुकाने परत यायचा. मी ती कवड खायची. वर सासूकडे शेंगदाणे-गूळ मागायची. त्याला सांगून टाकावं असं रोज वाटे. पण प्रविणच्या पोटात काही राहत नाही. सकाळी त्याला सांगितलं की दुपारी आईला कळणार, संध्याकाळी चुलतीला. आणि चुलती म्हणजेच धनेशची आई, हौसाकाकी. तिच्या घरी मनालीची सुपारी फुटायची होती.

कुणी मला बांधून ठेवलं नव्हतं, हे सांगायला मला आजही जड जातं. पेणच्या बाजारात मेडिकलं चार आहेत. पण मी कुठेही निघाले की ठमाबाई बरोबर. पोटुशी बाई एकटी जात नाही. काउंटरवर त्या माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या आणि मी काय मागते हे माझ्याआधी दुकानदाराला सांगायच्या. उपकेंद्रात नर्सबाईंनी मला काही विचारलं तरी उत्तर त्याच देत. एकदा मी मुद्दाम म्हटलं, आई, तुम्ही जरा बाहेर बसा. त्यांचं तोंड इतकं उतरलं की मीच त्यांचा हात धरून परत बसवलं.

माझं रक्त भरलं आठ पूर्णांक सहा. नर्सबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. लघवीत थोडं प्रथिन दिसलं. ते माझ्यात लहानपणापासून जातं, याच दोषाचं दुसरं टोक. त्या म्हणाल्या, मीठ कमी करा. मिठागरवाल्यांच्या घरात! ठमाबाईंनी तो अपमान गिळला आणि रक्ताचा विषय आपल्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यासाठी खाडीत उतरू लागल्या. साठीची बाई, साडीचा काष्टा मारून गुडघाभर चिखलात. निवट्या, म्हणजे चिखलातले निसटते मासे, हातांनी धरायच्या, बिळात हात घालून, आणि निवटी काही सुखासुखी हाती येत नाही. कधी खडकावरची कालवं फोडून आणायच्या. बोटं कापलेली असायची. आंबट घातलेलं ते कालवण माझ्यापुढे ठेवून समोर बसायच्या, आणि ताट पुसून होईपर्यंत हलायच्या नाहीत. आता गंमत बघा. मासळी, त्यातही कालवं, यांच्याइतकं बी-ट्वेल्व्ह फार थोड्या जिनसांत असेल. बिनशिकलेल्या या बाईने जगातलं नेमकं तेच शोधून काढलं होतं जे मला हवं होतं. आणि ते माझ्या आतल्या भिंतीपर्यंत रोज येत होतं, थांबत होतं, निघून जात होतं. ते बाहेर अडकलेलं, मी आत. प्रत्येक घासाला मला रडू यायचं. त्यांना वाटायचं, तिखट झालं.

महिन्याभराने रक्त भरलं दहा पूर्णांक चार. घरात सण झाला. ठमाबाईंनी नर्सबाईंनाच निवट्या नेऊन दिल्या. पण मी मेडिकलात दीड वर्ष काढलं होतं, मला कळत होतं काय झालंय. त्या गोळ्यांत फॉलिक ॲसिड असतं. त्याने रक्त वर येतं, कागदावर सगळं छान दिसतं. नसांना मात्र बी-ट्वेल्व्हच लागतं, आणि त्या आतल्या आत झिजत जातात. माझ्या तळव्यांना आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. एकदा मी अंगणभर एकाच पायात चप्पल घालून हिंडले. दुसरी उंबऱ्यातच राहिलेली, आणि मला पत्ता नाही. अंधारात मोरीत जाताना भिंत धरावी लागे, कारण पाय कुठे पडला हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय समजेना. कालवाचं एक कवच डाव्या पायात घुसलं तेव्हा रक्ताचे ठसे चुलीपर्यंत गेले. ते बघून ठमाबाई ओरडल्या तेव्हा मला कळलं. त्यांनी पाय धुतला, हळद भरली आणि म्हणाल्या, मिठागरवालीचे झाले गो तुझे पाय, आमच्यातली झालीस.

मी आप्पांना फोन केला. पाय जातायत, म्हटलं. बाळाचंही काय होईल सांगता येत नाही. ते म्हणाले, "तुळशीचं लगीन तीन आठवड्यांवर आलंय. एवढं काढ. मी बाटल्या घेऊन येतो."

ते आले. पाच किलो कडवे वाल घेऊन आले, सुनेच्या माहेरचं म्हणून. अंगणात ठमाबाईंशी पावसापाण्याचं बोलले, चहा प्यायले. निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या निमित्ताने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन सिरिंज माझ्या हातात सरकवल्या आणि पुटपुटले, वालात हायत, दोन. शांती सिस्टरांनी त्यांना बजावलं होतं की बाटल्यांना ऊन लागू देऊ नका आणि फोडू नका. वालाच्या पिशवीच्या पोटात ऊनही लागत नाही आणि काचही फुटत नाही. माझा बाप शहाणाच आहे. फक्त खाडीकडची एक रीत त्याला माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर जवळजवळ दोन वर्षं राहून मीही ती विसरले होते. सुनेच्या माहेरहून काही आलं की ते एकट्या घरात ठेवत नाहीत. आल्या दिवशीच मापाने भावकीत घरोघर जातं.

आप्पांना वाटेला लावून मी जरा आडवी झाले. दुपारची वेळ. सगळे झोपले की पिशवी उपसू असं मनाशी ठरवलेलं. डोळा लागला. उठले तर ठमाबाई ओसरीवर रिकामी पिशवी झटकत होत्या. चार घरी मापं देऊन आल्या होत्या, उरलेलं आमच्या डब्यात ओतलं होतं. तुझ्या बापाचा माल झ्याक हाय, म्हणाल्या, हौसा तर बघतच राह्यली.

मी डबा घेऊन बसले. निवडते म्हटलं. सगळे वाल तळापर्यंत हातांनी चाळले, एकदा, दोनदा. बोटांनाही आता नीट कळत नव्हतं म्हणून शेवटी सुपात ओतून बघितले. नव्हत्या. दोन्ही नव्हत्या. दोन बाटल्या भावकीतल्या चार घरांत कुठेतरी गेल्या होत्या आणि मी कुणाच्या दारात जाऊन काय सांगणार होते? त्या संध्याकाळी मी निवटीचं कालवण जेवले आणि सगळं ओकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाकाकी आली. हातात वाटी. वाटीत जाडं मीठ भरलेलं, आणि मिठात रोवलेली माझी बाटली. उन्हात लाल चमकत होती. तिने ती हाताने धरली नव्हती, केळीच्या पानात उचलून मिठात ठेवली होती, कारण मिठात करणी बांधली जाते. सकाळी वाल भिजत घालायला घेतले आणि हे निघालं, ती ठमाबाईंना सांगत होती. हैबतराव वालातून काय पाठवतो बघ. पोरगी आमच्या घरात द्यायची तर आधी पोरगा बांधून घ्यायचा. कुणाचं रक्त भरलंय यात, विचार तुझ्या सुनेला. बाटलीवरच्या कागदावर इंग्रजीत नाव होतं, बारीक अक्षरात, पण ते कोण वाचणार? धनेश पहिल्या शिफ्टला, प्रविण पहिल्या शिफ्टला.

ठमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मी परकी होते.

ओहोटी लागलीय, हौसाकाकी म्हणाली, पाण्याबरोबर सोडून देते. आणि ती वाटी घेऊन बांधाकडे निघाली.

मी गप्प बसू शकत होते. बाटली खाडीत गेली असती, आप्पांवर करणीचा आळ आला असता, सुपारी तशीही मोडली असती. आणि काही न बोलताही सगळं गेलं असतं, हे मला तेव्हा, त्या क्षणी, इतकं स्पष्ट दिसलं की मी उठले. उठले आणि दोन पावलांत अंगणात कोसळले. पाय होते कुठे? ठमाबाईंनी मला पोटावर पडू दिलं नाही, खाली आपला हात घातला. त्यांच्या कुशीतूनच मी बोलले.

"काकी, ते रक्त नाही. ते माझं औषध आहे. ते टाकलंत तर मी परत चालणार नाही."

मग मी सगळं सांगितलं. अंगणातल्या मातीत बसून. चित्र, भिंत, क्युबिलिन, शांती सिस्टर, नवस, नारळ, आईच्या फोटोपुढची शपथ. आई-आप्पा नात्यातले, तेही. हौसाकाकी वाटी हातात धरून उभी होती. ती मध्ये एकदाच बोलली. मनालीलाही हाय का ह्ये? मी म्हटलं, नाही, तिला सुई लागत नाही. पण तिच्या रक्तात अर्धा दोष असेलही, नसेलही. खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यावर तेवढंच कसं खोटं सांगायचं?

ठमाबाई माझी पाठ चोळत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी तीन महिने चिखलात उतरले, त्यातलं तुझ्या अंगात कायच नाय गेलं?"

"बाकी सगळं गेलं, आई. हे एकच नाही जात."

त्यांनी हौसाकाकीच्या हातातून वाटी घेतली, मिठातून बाटली उपटली, पदराने पुसली आणि उजेडात धरली. करंगळीच्या पेराएवढं ते लाल पाणी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढंसं?" त्या म्हणाल्या.

मी हात धुतले, टोक मोडलं, सुई भरली. त्यांनी माझी साडी मांडीपर्यंत सरकवून धरली आणि मी दोघींच्या समोर, दिवसाउजेडी, स्वतःला सुई टोचून घेतली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आई आणि शांती सिस्टर सोडून कुणाच्या समोर. दुसरी बाटली कुठाय, त्यांनी विचारलं. माहीत नाही, मी म्हटलं, उरलेल्या तीन घरांतल्या कुठल्यातरी वालात असेल.

दिलेलं परत मागणं म्हणजे खाडीकडे नाक कापून घेणं. कुणी मेलं तरी करत नाही. ठमाबाईंनी सूप काखेत मारलं आणि निघाल्या. पहिल्या घरी, दुसऱ्या घरी. काय कारण सांगितलं मला माहीत नाही, पण बायका दारात येऊन आमच्या अंगणाकडे बघत होत्या, तेव्हा खरंच सांगितलं असणार. तिसऱ्या घरातून त्या परतल्या तेव्हा सुपात बाटली होती आणि भोवती मूठभर वाल. रात्रपाळी करून परतलेल्या एका पोराची गाडी त्यांनी अडवून ठेवली होती. त्याच गाडीवर बसवून त्यांनी मला पेणला डॉक्टरांकडे नेलं, मागे स्वतः बसून, मला दोन्ही हातांनी धरून. तिथे पंधरा दिवस रोज सुई, मग आठवड्याला. प्रविणने संध्याकाळी घरी येऊन सगळं ऐकलं. मग म्हणाला, मी चार पुनवा त्या सिस्टरच्या आळीवरून गेलो गं. आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

सुपारी मोडली. हौसाकाकीने सरळ नकार दिला नाही, चार दिवसांनी निरोप पाठवला की पत्रिका जमत नाही. पत्रिका आधी दोनदा बघून झाली होती. आप्पांनी मला फोन करून एकच वाक्य ऐकवलं, की तुझ्या आईसमोर दिलेला शब्द तू मोडलास, आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने ते बोलले नाहीत. मुलगी झाली तेव्हाही आले नाहीत. मुलगी छान आहे. प्रविण नात्यातला नाही, त्यामुळे तिला धोका फार कमी, तरी तपासणी करून घेतलीय, ठमाबाईंच्याच हट्टाने. दर महिन्याची माझी सुई आता ओसरीवर होते. त्या बाटली स्वतः धरतात, आणि निवट्याही अजून आणतात, कारण त्यांच्या मते क्युबिलिन कधीतरी कामावर येईलच.

मनालीचा फोन सुपारी मोडल्याच्या सहाव्या दिवशी आला होता. मी घेतला नाही. परत आला. महिन्याभराने तिसऱ्यांदा आला तेव्हा घेतला आणि आधीच रडायला लागले. मला माफ कर म्हणाले, तुझं माझ्यामुळे गेलं. तिने ते मध्येच तोडलं.

"पाय कसे हायत, ताई?"

मी म्हटलं, सुधारतायत. डाव्या पायाची दोन बोटं अजून कळत नाहीत.

"मना पोरगा पसंत हाय का, ते आप्पांनी विचारलं नव्हतं," असं ती ठमाबाईंच्या बोलीत म्हणाली. चोरओटीच्या दिवशी शिकलेली, मला हसवायला. मी हसले नाही, तेव्हा ती आपल्या आवाजात बोलली. "तू माझ्या लग्नासाठी पाय घालवत होतीस. ते तरी मला विचारायचं होतंस. मी पहिल्याच महिन्यात नको म्हटलं असतं."

पंधरा वर्षं आम्ही सगळे जिच्यासाठी तोंड शिवून बसलो होतो, तिला यातलं कुणीच काही विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, आईने नाही, मीही नाही. फोन कानाला लावून मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होते, अनवाणी, आणि उरलेल्या आठ बोटांना फरशी गार लागत होती.